संथ प्रेमगीतांचा अल्बम: पट्टी, लय, गळा आणि मिक्स

सांजधून (धागाकर्ती)

एका तरुण पॉप गायिकेच्या दुसऱ्या अल्बमचं संगीत संयोजन चालू आहे. आठ गाणी, आठही संथ प्रेमगीतं, सरसकट ज्यांना बॅलड म्हणतात तीच. चाली आणि शब्द पक्के झालेत, डेमो नुसत्या पियानो आणि आवाजावर आहेत.

सलग ऐकल्यावर तीन गोष्टी खटकतात. चौथ्या गाण्यापासून पुढचं सगळं एकसारखं वाटतं. ध्रुवपदाच्या लांब ओळींना श्वास पुरत नाही, शेवटचं अक्षर गळतं. आणि सिंथवरचे व्हायोलिन आले की शब्द कळेनासे होतात.

तपशील: सहा गाणी काळी चारमध्ये, दोन पांढरी सहामध्ये (पट्टी, म्हणजे षड्ज हार्मोनियमच्या कोणत्या कळीवर धरला ते). लय सगळ्यांची ६२ ते ६६ बीपीएम (मिनिटाला मात्रा), सगळी चार-चार मात्रांत. चालींचा पसारा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापासून तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत. रेकॉर्डिंग अजून सुरू केलेलं नाही, त्यामुळे सगळं बदलता येईल. सुरुवात कुठून करावी?

कोमल_निषाद

पट्टीपासून. बाकी सगळं नंतर.

काळी चारचा तार पंचम बाईच्या आवाजात छातीच्या जोरावर चार मात्रा धरून ठेवणं फार थोड्यांना जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांचाही तो पाचव्या टेकला (रेकॉर्डिंगच्या पाचव्या फेरीला) पातळ होतो. पट्टी ठरवताना गायिकेचा "लागतो" तो सूर धरू नका, "टिकतो" तो धरा. तासभर गाऊन झाल्यावर, दमलेल्या गळ्याने, 'आ'कारात सहा सेकंद न थरथरता जो वरचा सूर राहतो तो तिचा टिकाऊ सूर. ध्रुवपदातला सगळ्यात लांब धरलेला सूर याच्या एक ते दोन अर्धस्वर खाली यायला हवा. क्षणभर स्पर्श करून येणारा सूर त्याहून वर असला तरी चालतो.

आता अडचण अशी की पट्टी दोन अर्धस्वर उतरवून काळी तीन केली तर वरचं सोपं होतं, पण अंतऱ्यातला मंद्र धैवत इतका खाली जातो की तिथे नुसती हवा ऐकू येते. मंद्र धैवत ते तार पंचम म्हणजे २२ अर्धस्वर, जवळपास दोन सप्तकं. इतका पसारा आठही गाण्यांत असेल तर दोष पट्टीचा नाही, चालीचा आहे. ज्या गाण्याचं मर्म अंतऱ्यात आहे तिथे ध्रुवपदाची उडी तार गंधारावर थांबवा. ज्याचं मर्म ध्रुवपदात आहे तिथे अंतऱ्याची शेवटची ओळ मंद्रात न नेता षड्जावर सोडा. दोन्ही टोकं गाठणारं गाणं अल्बममध्ये एकच असू द्या, तेव्हाच त्याची किंमत राहते.

आणि सहा गाणी एकाच पट्टीत हे तुमच्या "एकसारखं वाटतं" या तक्रारीचं निम्मं कारण आहे. कानात षड्ज बसून गेला की पुढचं गाणं नवं वाटतच नाही. प्रत्येक गाण्याची पट्टी त्याच्या टिकाऊ सुरावरून वेगवेगळी काढलीत तर ती आपोआप चार-पाच पट्ट्यांत विखुरतील.

मात्रागणित

श्वासाचा हिशेब लयीतून निघतो. ६४ च्या लयीत चार मात्रांचा एक बार ३.७५ सेकंदांचा. तुमची लांब ओळ चार बारची असेल तर ती सलग १५ सेकंद झाली. वरच्या सुरात, पूर्ण आवाजात १५ सेकंद हे कुणालाही जड आहे. लय ६८ केली तर तीच ओळ १४.१ सेकंदांवर येते. ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही, गळ्याला जाणवतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या बारच्या शेवटचा सूर अर्धी मात्रा आधी सोडणं. ६४ च्या लयीत अर्धी मात्रा ०.४७ सेकंदांची असते, झटकन श्वास घ्यायला तेवढी पुरते. पण ही जागा चालीतच लिहून ठेवा आणि कोरसवाल्यांनाही तिथेच सोडायला सांगा. नाहीतर मुख्य आवाज श्वास घेतो आणि मागचे आवाज सूर धरून राहतात, मग ती फट उघडी पडते.

रचनेची लांबीही याच हिशेबाने बघा. ६४ च्या लयीत चार मिनिटांत बरोबर ६४ बार बसतात. सुरुवातीचं संगीत आठ बारचं ठेवलं तर आवाज यायलाच अर्धं मिनिट जातं. गायिका अजून नवी आहे, लोकांना तिचा आवाज ओळखीचा व्हायचाय, तेव्हा चार बारच्या वर जाऊ नका. दोन गाणी थेट आवाजानेच सुरू करा.

शब्दवेडा

कोमलताईंनी सूर सांगितला, पण त्या सुरावर कोणतं अक्षर आहे तेही बघा. वरच्या लांब सुरावर 'ई' किंवा 'ऊ' आला की जबडा मिटतो आणि आवाज चिमटतो. 'आ', 'ओ' उघडे राहतात. 'ए' मधला. गीतकाराला ध्रुवपदाचं यमक 'तुझी, अशी, कधी' याऐवजी 'तुला, मला, पुन्हा' या अंगाने वळवता येतंय का विचारा. तेवढ्या बदलाने वरचा सूर अर्धा-एक स्वर सोपा झाल्यासारखा वाटतो.

ओळीचा शेवट 'त', 'क', 'ट' यांवर असेल तर सूर धरताच येत नाही, आधीचा स्वर ओढून व्यंजन शेवटी टाकावं लागतं. अशा ठिकाणी गायक हमखास व्यंजन गिळतात. शेवटचं अक्षर गळण्याचं कारण दरवेळी श्वास नसतो. 'न', 'म', 'ल', 'र' वर संपणाऱ्या ओळी या बाबतीत फार दयाळू असतात.

आठही प्रेमगीतं म्हणजे आठही "तू नाहीस म्हणून" अशी नाहीत ना? कबुली, वाट पाहणं, रुसवा, पहिल्या भेटीची धास्ती, सवयीचं झालेलं प्रेम, निरोप या सगळ्यांचा आवाज वेगळा लागतो. गायिकेला प्रत्येक गाण्यात नेमकं कुणाशी आणि कधी बोलतोय हे एका वाक्यात माहीत असायला हवं.

सांजधून

> दोन्ही टोकं गाठणारं गाणं अल्बममध्ये एकच असू द्या

हे पटलं. चार चाली पुन्हा बघते. विरहाची गाणी पाच आहेत, त्यातली दोन बदलता येतील.

शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी चढवण्याबद्दल काय? निर्मात्यांचा आग्रह आहे की प्रत्येक गाण्यात हवी.

कोमल_निषाद

प्रत्येक गाण्यात अजिबात नको. आठात फार तर दोन. तिसऱ्या वेळी ऐकणारा आधीच ओळखतो की आता चढणार, आणि मग ते चढणं पोकळ होतं. शिवाय टिकाऊ सुराचा हिशेब चढलेल्या पट्टीवरून करावा लागतो. म्हणजे त्या गाण्याची मूळ पट्टी आणखी खाली घ्यावी लागणार आणि अंतरा पुन्हा मंद्रात बुडणार.

पियानोवरची_बोटं

चढवायचीच असेल तर नवी पट्टी ऐकू येण्याआधी कान तयार करा. पांढरी एकवरून पांढरी दोनवर जाताना आधीचा एक बार 'ए सेव्हन' ही कॉर्ड वाजवली की आवाज न चुकता नव्या षड्जावर पडतो. तयारी न करता उडी मारली तर पहिल्या ओळीत गायिका हमखास सूर शोधते. विरामानंतर उडी मारण्याचा परिणाम मोठा असतो, पण तेव्हा तिच्या हेडफोनमध्ये नवा षड्ज हलकेच द्यावा लागतो. तो अंतिम मिक्समध्ये ठेवायचा नाही.

आणखी एक. संथ गाण्यात पियानोचा पेडल हा मोठा शत्रू. कॉर्ड बदलताना पेडल पूर्ण उचलला नाही तर २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात गढूळपणा साचतो, आणि बाईच्या आवाजाची ऊब नेमकी तिथेच असते. बास गिटार आहे तिथे डाव्या हाताने खालची सप्तकं सोडून द्यावीत.

फेडर

रेकॉर्डिंगबद्दल लिहितो, थोडं लांबेल.

बॅलडमध्ये अंतरा कुजबुजीएवढा आणि ध्रुवपद पूर्ण ताकदीचं, हा फरक सांभाळणं हेच मुख्य काम. मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, पॉप फिल्टर माइकच्या पुढे ५ ते ८ सेंटिमीटरवर. गायिका २० वरून १० सेंटिमीटरवर आली की पातळी ६ डेसिबलने वाढते, आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकमध्ये खालचा भागही फुगतो. अंतऱ्यासाठी ही जवळीक सुंदर लागते, पण दर टेकला अंतर वेगळं असेल तर टेक एकमेकांना जोडता येत नाहीत. जमिनीवर चिकटपट्टी लावून अंतऱ्याची आणि ध्रुवपदाची अशा दोन जागा ठरवून द्या.

पातळी २४ बिटवर, सगळ्यात मोठा सूर उणे १० ते उणे ६ डेसिबलपर्यंत. ध्रुवपदावरून पातळी लावा, अंतऱ्यावरून नाही.

खोलीची शांतता या प्रकारात फार महत्त्वाची. नंतर कॉम्प्रेसरने (मोठा आवाज दाबून हलक्या-मोठ्यातला फरक कमी करणाऱ्या साधनाने) ८ डेसिबल भरून काढलेत की पंख्याचा, संगणकाचा, बाहेरच्या रहदारीचा आवाजही शांत जागी तेवढाच वर येतो. जोरकस गाण्यात तो झाकला जातो, इथे मागे फक्त पियानो असतो. तसंच हेडफोनमधल्या क्लिकचं, म्हणजे लय दाखवणाऱ्या टिकटिकीचं. बंद पाठीचे हेडफोन वापरा, क्लिकचा टोकदार आवाज बदलून मऊ घ्या आणि शेवटच्या लांब सुराआधी क्लिक बंद होईल अशी सोय करा. विरत जाणाऱ्या सुरात टिकटिक ऐकू आली तर ती साफ करणं अशक्यप्राय होतं.

हेडफोनमध्ये साथ मोठी असेल तर गायिका जोर लावते आणि अंतऱ्यातली कुजबुज हरवते. स्वतःचा आवाज फार मोठा असेल तर ती हात राखून गाते. दोन्ही वेळा एक कान उघडा ठेवून बघा. उघड्या कानाचा हेडफोन मात्र गालाला घट्ट दाबलेला हवा, नाहीतर त्यातूनच साथ माइकमध्ये शिरते.

आधी संपूर्ण गाणं तीन ते पाच वेळा सलग घ्या, तुकडे नंतर. दिवसाला दोन गाण्यांच्या वर नको, आणि त्यातलं उंच गाणं आधी. पाऊण तास गाणं, पंधरा मिनिटं मौन. अल्बमचं पहिलं रेकॉर्ड केलेलं गाणं सगळं झाल्यावर पुन्हा गाऊन घ्या. आठव्या गाण्यापर्यंत गायिकेला माइकची सवय झालेली असते आणि पहिलं गाणं त्याच्या शेजारी अवघडलेलं वाटतं.

मात्रागणित

क्लिकवरच घ्यायचं का पण? पियानो आणि आवाज एकत्र, मोकळ्या लयीत घेतले तर संथ गाणं जास्त जिवंत होतं असं माझं मत आहे.

फेडर

नुसत्या पियानोवरच्या गाण्यासाठी नक्की. पण नंतर व्हायोलिन आणि ड्रम चढवायचे असतील तर मोकळ्या लयीत आठ वादक एकत्र सुटणं कठीण जातं. मधला मार्ग: पियानोवादक आणि गायिकेचा मोकळा टेक आधी घ्या, त्याची बारवार लय काढून तसा टेम्पो मॅप (क्लिकने कुठे किती लयीत चालायचं त्याचा नकाशा) बनवा, फार हेलकावे असतील ते सपाट करा. ध्रुवपदात एक-दोन बीपीएम वर आणि त्याच्या आधीच्या बारमध्ये थोडी ओढ असली की तो मोकळेपणा राहतो.

तंतुकार

व्हायोलिनचं दुखणं बहुधा सप्तकाचं आहे. कॉर्ड पॅडसारखी (मागे सलग पसरलेल्या सुरांसारखी) मधल्या सप्तकात धरली की ती बरोबर गायिकेच्या आवाजावर बसते, मग आवाज कितीही वर केला तरी शब्द निघत नाहीत. पहिले व्हायोलिन आवाजाच्या एक सप्तक वर न्या, चेलो खाली, मधलं रिकामं सोडा. चाल जशीच्या तशी व्हायोलिनला देऊ नका. गायिका सूर धरते तेव्हा व्हायोलिन हलावेत, ती शब्द म्हणते तेव्हा थांबावेत. पहिला अंतरा आणि पहिलं ध्रुवपद तंतुवाद्यांशिवाय जाऊ द्या.

सिंथचे व्हायोलिन हळू उमटतात, १०० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणून ते कायम मागे पडल्यासारखे वाटतात. तो ट्रॅक ६० ते १०० मिलिसेकंद आधी सरकवा. एका पातळीवर धरलेला सूर लगेच नकली कळतो, त्यामुळे प्रत्येक लांब सुरावर सीसी ११ ने (मिडीतल्या आवाजाच्या चढउताराच्या नियंत्रणाने) चढउतार काढा.

खरे वादक परवडत असतील तर चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो पुरतात, तीच मंडळी दोनदा-तीनदा वाजवून घट्टपणा येतो. दर फेरीला जागा आणि पार्ट बदला. न बदलता रचलं तर खोलीचा तोच रंग तीनदा साचतो आणि आवाज खोक्यातून आल्यासारखा होतो. एकाच सुरावर दोनच व्हायोलिन ठेवणं टाळा. दोघांमधला बारीक फरक उघडा पडतो. एक किंवा तीन चांगले.

जुनी_कॅसेट

निर्मात्यांना ऐंशीच्या दशकातला घंटेसारखा पियानो हवा असेलच, तेव्हा सांगून ठेवतो. तो यामाहा डीएक्स ७ चा, १९८३ चा. एफएम पद्धतीचा, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून सूर बनवणारा, अशा लहरी काढणारे सहा ऑपरेटर. त्याची गंमत अशी की हलकं दाबलं तर सूर गोल, जोरात दाबलं तर काचेसारखा खणखणीत. नक्कल करताना लोक सगळ्या सुरांचा जोर सारखा करून टाकतात आणि तिथेच तो मरतो. अंतऱ्यात जोर १२७ पैकी ५० ते ७० मध्ये ठेवा, घंटा फक्त ओळीच्या शेवटी वाजू द्या. खऱ्या पियानोखाली थर म्हणून लावणार असाल तर ८ ते १० डेसिबल खाली, वर हलका कोरस इफेक्ट.

त्या काळातल्या आवाजामागची लांब चमक पुष्कळदा प्लेटची, म्हणजे पत्र्याच्या कंपनातून घुमारा देणाऱ्या यंत्राची, असते. ईएमटी १४० हे यंत्र १९५७ पासूनचं, ताणून बसवलेला पोलादी पत्रा, वजन सुमारे २७० किलो. आता त्याचे प्लगइन (संगणकावरच्या नकला) मिळतात.

फेडर

प्लेटवरून मिक्सकडे येतो. रिव्हर्ब (घुमारा) १.८ ते २.४ सेकंद, पण प्रीडिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीची फट, दिल्याशिवाय नको. ६४ च्या लयीत एक मात्रा ९३७ मिलिसेकंद, तिचा सोळावा भाग ५८. तेवढा प्रीडिले दिला की शब्द पुढे राहतो आणि झळाळी मागून येते. रिव्हर्बमधून २५० हर्ट्झच्या खालचं आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, नाहीतर प्रत्येक 'स' आणि 'श' फवाऱ्यासारखा पसरतो. डीएसर ('स', 'श' चा टोकदारपणा दाबणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, ३ ते ५ डेसिबल, आणि रिव्हर्बला जाणाऱ्या वाटेवर वेगळा.

कॉम्प्रेसरच्या आधी हाताने पातळी सारखी करा, ओळीओळीने. मग दोन कॉम्प्रेसर, दोन्ही जेमतेम ३ डेसिबल दाबणारे. एकानेच ८ डेसिबल दाबलं तर श्वास शब्दांएवढे मोठे होतात. श्वास कापू नका, ६ डेसिबल खाली घ्या. प्रेमगीतात श्वास गेला की माणूस गेला.

टेक जोडताना ओळ पूर्ण घ्या, शब्द शब्द वेचू नका. सूर दुरुस्त करायचाच तर फक्त ठरलेल्या सुराचा मध्य सरकवा. मींड आणि कंप, जो साधारण सेकंदाला ५ ते ७ वेळा असतो, तसेच राहू द्या. आपोआप दुरुस्तीचा वेग वाढवला की दोन्ही पुसले जातात आणि मग आठही गाण्यांत तीच एक गुळगुळीत बाई ऐकू येते.

आणि पहिल्या अंतऱ्यात आवाज दुहेरी करू नका. ओळख व्हायची ती एकाच आवाजाची.

सांजधून

फार उपयोगी. क्रम कसा लावावा? सध्या मनात असं आहे की सगळ्यात ताकदीचं गाणं शेवटी.

जुनी_कॅसेट

लाँग प्लेच्या काळात प्रत्येक बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवायचं एक तांत्रिक कारण होतं. तबकडीच्या आतल्या वर्तुळांत सुई एका फेऱ्यात कमी अंतर कापते, त्यामुळे तीव्र, मोठे आवाज तिथे फाटतात. आता ते बंधन नाही. ताकदीचं गाणं पहिल्या तिनांत आणा. शेवटी नुसतं पियानो आणि आवाज. मात्र तुम्ही हा अल्बम तबकडीवरही काढणार असाल तर जुना नियम पुन्हा लागू होतो, आणि एका बाजूला २० ते २२ मिनिटांच्या वर जाऊ नका.

मात्रागणित

क्रम ठरवण्याआधी दोन गाण्यांची चाल-ढाल बदला. एखादं सहा-आठच्या झुलत्या ठेक्यात न्या, तिथे लय तीच राहूनही अंग वेगळं होतं. दुसरं ८८ ते ९२ पर्यंत वर घ्या, ड्रमला साइड स्टिक (काठी कडेवर टेकवून काढलेला हलका ठोका) ठेवा म्हणजे ते प्रेमगीतच राहील. हे तिसऱ्या किंवा चौथ्या जागी. शेजारच्या दोन गाण्यांची पट्टी आणि लय एकसारखी नको एवढं पाळलं तरी "चौथ्यापासून सगळं एक" हे जाईल.

शब्दवेडा

वैविध्याच्या नादात सूत्र मात्र सुटू देऊ नका. गायक केकेचा १९९९ चा पहिला अल्बम, 'पल', पुन्हा ऐका. संगीत लेस्ली लुईस, शब्द महबूब. मैत्री, प्रेम, निरोप असे विषय आहेत, पण बोलणारा माणूस एकच वाटतो. अल्बमभर एक गीतकार आणि एक संयोजक असण्याचा तो फायदा. तुमच्याकडेही दोन्ही एकच आहेत, तेव्हा वेगळेपण पट्टी, लय आणि वाद्यांत शोधा, बोलीत नको.

फेडर

मास्टरिंगला (मिक्स झालेल्या गाण्यांवरच्या शेवटच्या हाताला) देताना एक सूचना लिहून द्या: सगळी गाणी एका मोठेपणावर आणू नका. पूर्ण वाद्यवृंदाचं गाणं उणे १२ ते उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापावर) असेल तर पियानो-आवाजाचं २ ते ३ डेसिबल खाली राहू द्या. सारखं केलं तर एकटा आवाज वाद्यवृंदाच्या गाण्यातल्या आवाजापेक्षा मोठा ऐकू येतो आणि कान बिचकतो. शिखर उणे १ डेसिबल ट्रू पीक, म्हणजे लहरीचं खरं सर्वोच्च टोक त्याच्या वर नको. दोन गाण्यांमधली ठरीव २ सेकंदांची जागा या गाण्यांना कमी पडते. शेवटचा सूर पूर्ण विरल्यानंतर मोजायला सुरुवात करा, आणि निरोपाच्या गाण्यानंतर ४ सेकंदही चालतील.

सांजधून

आधी टिकाऊ सूर तपासून पट्ट्या नव्याने काढते, मग चार चाली आणि ध्रुवपदांची यमकं. व्हायोलिनची पानं तोवर थांबवते. तंतुकार, मधलं सप्तक रिकामं ठेवलं तर दुसऱ्या अंतऱ्यात पोकळ वाटेल का?

तंतुकार

तिथे एकटा व्हिओला द्या, लांब सुरांत, आवाजाच्या खाली एक तिसरा किंवा सहावा स्वर धरून. १० ते १२ डेसिबल मागे. वाजतोय हे कळायला नको, काढला तर जाणवायला हवं.